तेल घट्ट आहे तर पाणी काहून घट्ट करायचं?

प्रश्न: माझा मोठा भाऊ राजस्थानात बाडमेरला तेलक्षेत्रावर आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा सांगत होता की आम्ही जमिनीत पॉलिमर घातलेलं पाणी सोडतो, त्यानं तेल जास्त निघते. मले काही पटलं नाही. तेल घट्ट असल तर तेलच पातळ करा ना, पाणी काहून घट्ट करता? आणि फेस पण सोडतात म्हणे, तो तर लगेच फुटते! – एक विद्यार्थिनी, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: ताई, प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. तेल खाली टाकीत नसतं, दगडाच्या बारीक छिद्रांत अडकलेलं असतं, आणि जड तेल स्वतःच्या दाबानं फार तर पाच-दहा टक्के वर येतं, मग बाकीचं ढकलायला एका विहिरीतून पाणी सोडतात अन् दुसरीतून तेल घेतात. पण पाण्यापेक्षा तेल शेकडो, कधी हजारो पट घट्ट असलं की पाणी ते ढकलत बसत नाही, सोपी वाट शोधून पुढं पळतं. मे महिन्यात आपल्या काळ्या मातीच्या शेतात पाणी सोडून बघा, सगळं भेगेतून जातं अन् ढेकूळ कोरडंच राहते, तसंच. एकदा पाणी पलीकडच्या विहिरीत पोचलं की मग पंप नुसतं पाणीच उपसत राहतो.

पाणी घट्ट केलं की त्याचं हे पळणं कमी होतं, ते रुंद पसरून तेल पुढं लोटतं. त्यासाठीच पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांसारखे रेणू असलेला पदार्थ; लिटरमागं एक-दोन ग्रॅम पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड नावाचं पॉलिमर पुरतं (सांडपाण्यातला गाळ खाली बसवायला वापरतात त्याच जातीचं). आणि तेलाइतकं घट्ट करायची गरजही नाही, मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. कॅनडात अल्बर्टामधल्या पेलिकन लेकला तेल हजारो पट घट्ट आहे, तिथं पाणी वीसेक पट घट्ट करूनही काम झालं. १९९७ चा पहिला प्रयोग जमला नव्हता, २००५ नंतर आडव्या विहिरी वापरल्या तेव्हा जमलं.

बाडमेरचं मंगला क्षेत्र २००४ मध्ये सापडलं, २००९ ला तेल सुरू झालं, पॉलिमर मोठ्या प्रमाणावर २०१४-१५ पासून. तिथलं तेल मात्र तेवढं जड नाही, मेणचट आहे, खाली गरम असतं तोवर वाहते अन् वर येऊन थंड झालं की गोठते. त्याच्या कितीतरी आधी, १९८५ मध्ये, गुजरातेत साणंदला पॉलिमरचा पायलट, म्हणजे छोटा चाचणी प्रयोग, झाला होता.

यात खरी मेहनत पॉलिमर जपण्यात आहे. पावडर एकदम ओतली की गाठी होतात, पंपात किंवा अरुंद व्हॉल्व्हमध्ये जोरात घुसळलं की लांब साखळ्या तुटतात, पाण्यात ऑक्सिजन आणि लोह असलं तरी तुटतात, खारं पाणी असलं तर घट्टपणाच उतरतो. ७०-८० अंशांच्या वर साधं पॉलिमर फार टिकत नाही, त्यासाठी वेगळं महागाचं लागतं.

आता फेस. तो पाण्यासाठी नाही, वायूसाठी. नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड किंवा वाफ सोडली की ती हलकी म्हणून थराच्या वरच्या बाजूनं निसटते, त्यात साबणासारखं रसायन घातलं की छिद्राछिद्रात पातळ पडदे तयार होतात आणि वायू अडतो. तुम्ही म्हणता तो फुटते, बरोबर, पण तिथं पडदे फुटत राहतात तसे नवे पण बनत राहतात. आणि तेल लागलं की फेस लवकर फुटतो, याचा फायदाच आहे, कारण ज्या वाटेतलं तेल निघून गेलंय तिथं तो टिकून वाट बुजवतो आणि जिथं तेल उरलंय तिकडं वायू वळतो. त्यात पॉलिमर मिसळलं तर पडद्यातलं पाणी हळू निथळतं, फेस जास्त टिकतो. मात्र दाबही वाढतो, विहीर तो सोसणार का हे आधी तपासावंच लागतं.

आणि तुमचं 'तेलच पातळ करा' हे पण चूक नाही बरं. गुजरातेत मेहसाण्याच्या बलोल-संथाल तेलक्षेत्रांत तेल इतकं जड आहे की तिथं १९९० च्या दशकापासून खाली हवा सोडून थोडं तेल जाळतात, त्या उष्णतेनं बाकीचं पातळ होऊन विहिरीकडं येतं.