नामर्द, नपुंसक आणि सांगता न येणारी तक्रार

एका वाचकाचा प्रश्न असा आहे की, 'इरेक्टाइल डिस्फंक्शन', म्हणजे लिंगाला ताठरता न येणे किंवा ती न टिकणे, या तक्रारीला मराठीत 'नपुंसकत्व' म्हणावे, 'स्तंभनदोष' म्हणावे की 'लिंगशैथिल्य', आणि डॉक्टरांसमोर यांपैकी कोणता शब्द उच्चारला असता संकोच कमी वाटेल. तिन्ही नकोत, हे उत्तर आधीच देऊन ठेवतो.

'नपुंसक' हा शब्द आज ज्या बेदरकारपणे वापरला जातो त्याचा मला मनस्वी कंटाळा आला आहे. निर्णय न घेणारे सरकार नपुंसक, मूल न झालेला पुरुष नपुंसक, लग्नाला नकार देणारा नपुंसक आणि ज्याला ताठरता येत नाही तोही नपुंसक! यांतल्या शेवटच्या दोन पुरुषांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दुसऱ्याचा आणि चौथ्याचाही असेलच असे नाही. ताठरतेची अडचण असलेल्या पुरुषाचे शुक्रजंतू उत्तम असू शकतात, आणि ज्याच्या वीर्यात एकही शुक्रजंतू नाही त्याला ताठरतेची कसलीच अडचण नसते, असेही पुष्कळदा आढळते. मूल न होण्याला 'वंध्यत्व' हा स्वतंत्र शब्द आहे आणि तो पुरुषालाही लागू पडतो.

मुळात 'नपुंसक' ही शिवी नव्हती, वर्गवारी होती. एरवी नकारार्थी 'न' चा समासात 'अ' होतो, पण काही मोजक्या शब्दांत तो 'न' च राहतो, असे पाणिनीने एका सूत्रात (६.३.७५) सांगितले आहे, आणि त्या यादीत नकुल, नख, नक्षत्र यांच्या शेजारी नपुंसक बसला आहे. पाणिनीच्या सूत्रांवरची काशिकावृत्ती ही टीका त्याची फोड 'जो स्त्री नाही आणि पुरुषही नाही' अशी करते. मराठीने तर ही तिसरी वर्गवारी व्याकरणात आजही जपली आहे. मूल, लेकरू, घर, पाणी हे सगळे नपुंसकलिंगी शब्द आहेत, आणि त्यावरून घराला कोणी हिणवल्याचे ऐकिवात नाही.

पण खरी गंमत 'नामर्द' या शब्दात आहे, आणि प्रश्नकर्त्याने नेमका तोच विचारला नाही. 'शत्रूचे मर्दन करतो तो मर्द' अशी व्युत्पत्ती छातीठोकपणे सांगणारे विद्वान अधूनमधून भेटतात आणि पुराव्यादाखल महिषासुरमर्दिनीला साक्षीला बोलावतात. ही व्युत्पत्ती निखालस चुकीची आहे. 'मर्दिनी' मृद् धातूपासून आली आणि त्या धातूचा अर्थ चिरडणे. 'मर्द' आपल्याकडे फारसीतून आला, आणि त्याचे प्राचीन रूप 'मर्तिय' हे प्राचीन इराणच्या दार्युश राजाच्या बेहिस्तून येथील शिलालेखात 'माणूस' या अर्थाने कोरलेले आहे. हा 'मर्तिय' म्हणजे आपल्या संस्कृत 'मर्त्य' शब्दाचा सख्खा भाऊ. दोघांचा धातू मृ, म्हणजे मरणे. तेव्हा मर्द म्हणजे ज्याला मरण आहे तो, एवढेच. त्यात ना मिशी आहे, ना छाती, ना आणखी काही. आणि मग 'नामर्द' या शब्दाचे घटक संस्कृतात मांडून पाहावेत. 'ना' च्या जागी 'अ', 'मर्द' च्या जागी 'मर्त्य', आणि हाती येतो 'अमर्त्य'! ज्या शब्दाने माणसाला मातीत घालायचे, त्याची हाडे देवांच्या विशेषणाची आहेत. या एका जोडीसाठी मी उरलेली सगळी शब्दचर्चा सोडून द्यायला तयार आहे.

फारसीत 'नामर्द' म्हणजे भेकड, हलक्या वृत्तीचा माणूस. मराठीतही 'मर्दुमकी' गाजवली जाते ती रणांगणावर; शेजघरात कोणी मर्दुमकी गाजवली असे आपण थट्टेनेच म्हणतो. म्हणजे हा शब्द धैर्याच्या प्रांतातून निघून शरीराच्या प्रांतात घुसला. 'क्लैब्य', म्हणजे नपुंसकपणा, या शब्दाचा प्रवास बरोबर उलट झाला. तो शरीराचा शब्द होता, पण 'क्लैब्यं मा स्म गमः पार्थ' असे श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतो तेव्हा त्याचा रोख शरीरावर मुळीच नसतो, कारण पुढच्याच ओळीत 'क्षुद्रं हृदयदौर्बल्यम्' असे स्पष्टीकरण येते. एक शब्द धैर्याकडून शरीराकडे गेला, दुसरा शरीराकडून धैर्याकडे आला, आणि दोघांनी मिळून एक आजार आणि भित्रेपणा यांची अशी गाठ मारली की, आजार सांगणे म्हणजे भित्रेपणाची कबुली देणे होऊन बसले. पुरुष ही तक्रार वर्षानुवर्षे का लपवतात, याची सामाजिक कारणे इतरांनी सांगावीत; भाषेतले कारण माझ्या मते हे आहे.

'आपल्या परंपरेत या विषयावर बोलणेच निषिद्ध होते' असे ठासून सांगणाऱ्यांनी आपली परंपरा वाचलेली नसते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याची चार कारणे सरळ दिली आहेत: बीजाचा उपघात (म्हणजे बिघाड), ध्वजाचा उपघात, वार्धक्य आणि शुक्रक्षय. यातला 'ध्वज' म्हणजे जननेंद्रिय, आणि बीजदोष व ध्वजदोष हे दोन वेगळे, हा भेद चरकाला ठाऊक होता. आजच्या वक्त्यांना तो ठाऊक नाही. सुश्रुताने तर क्लैब्याचे सहा प्रकार मोजताना पहिले स्थान 'मानस' प्रकाराला दिले आहे. मन दुखावल्याने, नावडत्या व्यक्तीशी संबंध आल्याने शरीर साथ देत नाही, असे तो लिहितो, आणि त्यात रुग्णाची निंदा नाही.

आता 'स्तंभनदोष'. हा शब्द हिंदीतून आला आणि परिभाषाप्रेमी मंडळींनी तो डोक्यावर घेतला. त्यांचे म्हणणे असे की, स्तंभ् धातूचा अर्थ ताठ होणे, म्हणून शब्द निर्दोष. धातूचा तो अर्थ मलाही मान्य आहे, परंतु त्याच धातूचा दुसरा अर्थ रोखणे, थोपवणे असा आहे, आणि वैद्यकात 'वीर्यस्तंभन' म्हणतात ते लवकर होणारे स्खलन रोखण्याला. शीघ्रपतन ही वेगळी तक्रार आहे आणि तिचे उपचारही वेगळे आहेत. ज्या शब्दाने ऐकणारा भलत्याच तक्रारीकडे वळू शकतो तो शब्द व्याकरणाने कितीही शुद्ध असो, दवाखान्यात निरुपयोगी आहे. मराठीत शिवाय 'स्तंभित होणे' म्हणजे थक्क होणे, त्यामुळे रुग्णाला आपण नेमके काय सांगितले तेच कळायचे नाही.

'लिंगशैथिल्य' वरवर बरा वाटतो, पण शरीरशास्त्र त्याच्या विरुद्ध साक्ष देते. उत्तेजनेच्या वेळी मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू बाहेर पडतो, त्याने आतले स्नायू सैल होतात, रक्त आत भरते, बाहेर जाण्याच्या वाटा दाबल्या जातात आणि ताठरता येते. म्हणजे स्नायू शिथिल होणे हेच ताठरतेचे कारण, आणि ते शिथिल न होणे ही अडचण! १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल हे औषध हेच सैलावणे टिकवून धरते, आणि नायट्रिक ऑक्साइडवरील संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले तेही त्याच वर्षी.

इंग्रजी भाषकांनी हाच पेच १९९२ मध्ये सोडवला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने 'इंपोटन्स' हा शब्द मागे टाकून 'इरेक्टाइल डिस्फंक्शन' स्वीकारावा अशी शिफारस केली, कारण जुना शब्द अवमानकारक होता आणि मोघमही.

मराठीला मात्र नव्या संज्ञेपेक्षा आपल्या वाक्यरचनेचा आधार अधिक आहे. आपल्याकडे आजार माणसाकडे येतो: मला ताप आला, मला सर्दी झाली, मला मधुमेह आहे. 'मी ताप आहे' असे कोणी म्हणत नाही. पण या एका तक्रारीत माणूस 'मला' सोडून 'मी' वर येतो आणि 'मी नपुंसक आहे' असे म्हणतो, म्हणजे आजार सांगण्याऐवजी स्वतःची ओळख सांगतो. 'मी मधुमेही आहे' असेही म्हणतात, असा आक्षेप कोणी घेईल. घ्यावा, पण मधुमेही माणसाला 'मला' ची वाट खुली आहे, आणि ती असल्यामुळेच 'मी' टोचत नाही. म्हणून 'मला ताठरता येत नाही' किंवा 'मला ताठरता येते पण टिकत नाही' एवढे वाक्य म्हणावे. या दोन वाक्यांत फरक आहे आणि डॉक्टरांना तो हवाच असतो. त्याला जोडून हे किती दिवसांपासून आहे, सकाळी उठताना ताठरता असते का, आणि कोणती औषधे चालू आहेत, हे सांगावे. सकाळी ती येत असेल तर कारण मानसिक असण्याकडे कल जातो. रक्तदाबाची किंवा नैराश्यावरची काही औषधेही याला कारणीभूत असतात. लिंगाच्या रोहिण्या (म्हणजे धमन्या) हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा अरुंद असल्याने रक्तवाहिन्यांचा विकार तेथे काही वर्षे आधी जाणवू शकतो, त्यामुळे डॉक्टरांनी साखर, रक्तदाब आणि हृदय तपासायला सांगितले तर विषय बदलला असे समजू नये. छातीतल्या दुखण्यासाठी नायट्रेट वर्गातली औषधे घेणाऱ्याने सिल्डेनाफिल परस्पर घेऊ नये. दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरवतात.

'ताठरता' ऐवजी 'उत्थान' चालेल का, असेही विचारले आहे. चालेल, पण समाजाच्या आणि राष्ट्राच्या उत्थानाची इतकी भाषणे झाली आहेत की, हा शब्द ऐकून डॉक्टर क्षणभर गोंधळले तर तो दोष त्यांचा नव्हे.