पहिलं लिनक्स कोणतं घ्यावं?
अरे, दहा जणांना विचारत बसू नकोस, सरळ लिनक्स मिंट घे. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम, आणि मिंट हा तिचा एक प्रकार. रॅम ४ जीबीच असेल तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, ८ असेल तर जरा जड सिनॅमन आवृत्ती. मेन्यू खाली डावीकडे, विंडोजमध्ये सवय झालेल्या जागीच. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

पण लगेच इन्स्टॉल करू नकोस! आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालव. वाय-फाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं, सगळं नीट तपास. जुन्या लॅपटॉपमधलं ब्रॉडकॉमचं वाय-फाय कार्ड बरेचदा रुसून बसतं. तेव्हा फोन यूएसबीने जोडून नेट घे आणि मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर बसवून देणारं टूल) उघड, बहुतेक वेळा काम होतं.

फोटो, कागदपत्रं आधीच बाहेरच्या डिस्कवर काढून ठेव. इन्स्टॉल झाल्यावर टाइमशिफ्ट (सिस्टीम बिघडली तर आधीच्या स्थितीत नेणारं टूल) चालू कर, मात्र ते सिस्टीम सांभाळतं, तुझ्या फायली नाही.