सुगीतला पाऊस आणि सासूबाईंचा दात

प्रश्न : दिवाळीसाठी मुले पुण्याहून आली आणि त्यांच्या मदतीने आम्ही बासमती भात कापले, परंतु दुसऱ्याच दिवशी पाऊस आला. सासूबाई भात शिवारातच सुकू द्या म्हणतात, तर थोरला मुलगा लगेच मळणी करून पोती भरू म्हणतो. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, येळ्ळूर, तालुका बेळगाव

उत्तर : दोघांचेही अर्धे-अर्धे. कापणीच्या वेळी दाण्यात साधारण २० ते २४ टक्के ओलावा असतो; त्यात पावसात भिजलेले भात पोत्यांत कोंबले, तर ते आतून तापते, तांदूळ पिवळा पडतो आणि ज्या सुवासासाठी हे वाण जपायचे तोच कमी होतो. उलट ओल्या जमिनीवर पेंढ्या पडून राहिल्या, तर लोंबीतच मोड येतात. म्हणून पेंढ्या उचलून बांधावर उभ्या कराव्यात, उघडीप मिळताच मळणी उरकावी, भात ताडपत्रीवर पातळ पसरावे आणि वरचेवर हलवावे. भर दुपारच्या कडक उन्हात मात्र ते झाकावे, कारण दाणा झपाट्याने वाळला की त्याला चिरा पडतात आणि गिरणीत कणीच जास्त निघते. ओलावा १४ टक्क्यांखाली उतरल्यावर साठवण करावी. मोजण्याचे यंत्र नसेल, तर दाणा दाताखाली ‘कट्’ वाजतो का ते पाहावे. ही परीक्षा (दात शाबूत असतील तर) सासूबाईच अधिक अचूक करतील. याच पावसाच्या ओलीवर मसूर किंवा हरभरा पेरता येईल. तेवढे काम मुले परतण्यापूर्वी करून घ्यावे.