कमी कोण खातं? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

गेल्या महिन्यात मी पाटबंधारे प्रकल्पांच्या हिशेबावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या सुरात होता. त्यातली पाच पत्रं घेतो.

लातूरचे एक निवृत्त शिक्षक : काँग्रेसवाल्यांचं राज्य पाहिलं, युतीचंही पाहिलं. तुम्ही सरकारी हिशेबात आयुष्य घालवलंत. आढेवेढे न घेता सांगा, यांच्यात कमी कोण खातं?

सर, आढेवेढे न घेता सांगायचं तर तराजूच नाही हो माझ्याकडे. राजीनामे मोजू म्हटलं, तर दोन्ही बाजूंची यादी भरते. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर काँग्रेसचे मुख्यमंत्री बॅ. अंतुले पदावरून गेले. युतीच्या पहिल्या सरकारात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर शशिकांत सुतार आणि महादेव शिवणकर यांना मंत्रिपद सोडावं लागलं. आघाडीच्या काळात मंत्र्यांवरच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या सावंत आयोगाच्या अहवालानंतर मंत्री नवाब मलिक गेले, मुंबईतल्या आदर्श सोसायटीच्या प्रकरणात २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण गेले. भाजपच्या राज्यात २०१६ मध्ये भोसरीच्या जमिनीवरून एकनाथ खडसे गेले. बरं, राजीनामा म्हणजे गुन्हा शाबीत झाला असंही नाही. अंतुले पुढे केंद्रात मंत्री झाले.

मी माणसं सोडून फाइल बघतो. अंतुल्यांच्या प्रकरणाच्या मुळाशी काय होतं? सिमेंटचा कोटा. सिमेंट कोणाला द्यायचं हे सरकार ठरवायचं, आणि अंतुल्यांच्या ट्रस्टला देणग्या देणाऱ्या बिल्डरांना ते मिळालं असा आरोप होता. १९८२ मध्येच सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं, १९८९ मध्ये पूर्ण उठलं. त्यानंतर सिमेंटच्या परमिटासाठी कोणी पैसे चारल्याचं ऐकलंत? माणसं सुधारली नाहीत, सहीची किंमत संपली.

आता उलटं उदाहरण, माझ्याच खात्यातलं. विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा. भूमिपूजन १९८८ चं. पुढे हा आकडा अठरा हजार कोटींच्या वर गेला. या काळात सत्तेवर काँग्रेस होती, युती होती, आघाडी होती, पुन्हा युती होती. किंमत वाढली ती ‘सुप्रमा’च्या वाटेने. सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, आमच्या कार्यालयातला रोजचा शब्द. जमिनीचा दर वाढला, डिझाइन बदललं, काम लांबलं. दर वेळी कारण खरंच असतं, पण त्याच्या आडून आणखी काय चढवलं जातं ते कागदावर दिसत नाही. २०१२ मध्ये विजय पांढरे या मुख्य अभियंत्यांनी सिंचन प्रकल्पांतल्या गैरव्यवहारांबद्दल पत्रं लिहिली तेव्हा कुठे ही चर्चा कार्यालयाबाहेर आली. त्याच वर्षीच्या वादात अजित पवार यांनी सप्टेंबरमध्ये उपमुख्यमंत्रिपद सोडलं, श्वेतपत्रिका निघाली आणि डिसेंबरमध्ये ते परतही आले.

कारभाराचं विचाराल, तर तिथे फरक दिसतो, पण तो पक्षाचा नसतो, त्या त्या कामाचा असतो. रोजगार हमी काँग्रेसच्या काळात उभी राहिली, पण १९७७ चा कायदा विधिमंडळात सगळ्यांच्या पाठिंब्याने झाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं काम युतीने धडाक्यात काढलं, पूर्ण झाला तो पुढच्या सरकारच्या हातून. जलयुक्त शिवार या भाजप सरकारच्या जलसंधारण योजनेचा केवढा गाजावाजा झाला, आणि २०२० मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने लिहिलं की ९,६०० कोटींहून जास्त खर्चूनही भूजलावर फारसा परिणाम दिसला नाही.

नागपूरचा एक तरुण अभियंता : लाचेच्या गुन्ह्यांत महाराष्ट्र देशात पहिला असतो. मग ज्यांच्या काळात आकडा जास्त, ते सरकार जास्त भ्रष्ट, असं म्हणता येईल ना?

नाही म्हणता येणार. हे बहुतेक गुन्हे ‘ट्रॅप’चे असतात. कोणीतरी तक्रार केली, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने पंच घेतले, नोटांना पावडर लावली, साहेबांचे हात पाण्यात घातले. आकडा वाढला म्हणजे लाच वाढली असेल, किंवा लोकांचा धीर वाढला असेल. ज्या राज्यात सापळेच लागत नाहीत, तिथे रामराज्य आहे असं थोडंच आहे! वर्षानुवर्षं महसूल आणि पोलिस ही दोन खाती यादीत वर असतात आणि सरकार बदललं तरी त्यांची जागा फारशी हलत नाही, ते मात्र बघण्यासारखं आहे.

सांगलीच्या एक वाचक : काल ज्याच्यावर सत्तर हजार कोटींचे आरोप केले, त्याच्याच मांडीला मांडी लावून आज बसतात. मग मतदाराने विश्वास कशावर ठेवायचा?

ताई, तुमचा राग रास्त आहे. २०१४ च्या प्रचारात सिंचनावर भाजपने रान उठवलं आणि जुलै २०२३ मध्ये अजित पवार त्याच भाजपच्या सोबतीने सरकारात उपमुख्यमंत्री झाले. आदर्शवर बोलबोल बोलले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले. (त्यांच्यावर खटला चालवायची राज्यपालांची परवानगी उच्च न्यायालयाने २०१७ मध्येच रद्द केली होती, हेही सांगायला हवं.) पण वाहतूक एकेरी नाही. खडसे भाजपमधून राष्ट्रवादीत गेले, तेव्हा भोसरीवर टीका करणाऱ्यांनीच त्यांच्या गळ्यात हार घातला.

आरोप हे राजकीय चलन झालंय. मी एवढंच पाहतो की आरोप करणारा सत्तेवर आल्यावर खटला चालवतो का. आरोपपत्र वेळेत गेलं का, साक्षीदार फुटले तेव्हा सरकारी वकील कुठे होते? खटला पंधरा वर्षं रखडला की निर्दोष माणसाचाही न्याय होत नाही आणि दोषी माणूस तोवर दोन पक्ष बदलतो.

पैशाचंही तसंच. पक्षांना नाव न सांगता देणगी देण्याचे निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केले आणि यादी उघड झाली. भाजपला सुमारे सहा हजार कोटी, म्हणजे इतरांहून कितीतरी जास्त. पण तेव्हा बंगालात सत्ता असलेल्या तृणमूलला, तेलंगणात सत्ता असलेल्या भारत राष्ट्र समितीलाही हजार कोटींच्या वर मिळाले होते. जिथे सही, तिथे देणगी.

न्यू जर्सीहून एक वाचक : इथे दोनच मोठे पक्ष आहेत. तिकडच्यापेक्षा बरं असावं, नाही?

तुमच्याच राज्याचे डेमोक्रॅट माजी सेनेटर बॉब मेनेंडेझ यांना जानेवारी २०२५ मध्ये अकरा वर्षांची शिक्षा झाली. घरात सोन्याच्या विटा सापडल्या होत्या. इलिनॉयमध्ये लागोपाठचे दोन गव्हर्नर तुरुंगात गेले, आधी रिपब्लिकन जॉर्ज रायन, मग डेमोक्रॅट रॉड ब्लागोयेविच. फरक एवढाच की तिकडे ते खरोखर आत गेले. ब्लागोयेविच यांची शिक्षा मात्र २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कमी केली, आणि ट्रम्प दुसऱ्या पक्षाचे!

जुन्नर तालुक्यातले एक शेतकरी : वरचं राहू द्या. वडील गेले, वारस नोंद करायचीय. तलाठी पैसे मागतोय. मुंबईत कोणाचं सरकार आहे याने मला काय फरक पडतो?

दादा, खरा प्रश्न तुम्ही विचारलात. सरकारने नाही, कायद्याने थोडा फरक पडतो. तोंडी बोलू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तलाठ्याने फेरफार (म्हणजे हक्क बदलल्याची नोंद) लिहून नोटीस काढायची, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहायची आणि मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. हरकत नसेल तर अडवायला कारण उरत नाही. ते अडवतात तेव्हा कारण लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याच जणांना कारण सुचत नाही.

बदल्यांच्या २००५ च्या कायद्यात एक कलम आहे. कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामाच्या दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. हा कायदा आघाडीच्या काळातला, हजारेंच्या आंदोलनातून आलेला. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा, फडणवीस सरकारचा. अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या, सेवेला उशीर झाला तर त्यात दंड आहे. दोन्ही चांगले आहेत, आणि दोन्ही वापरणारे फार थोडे.

आणि पैसे मागितले असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर फोन करा. नोटा देण्याआधी. २०१८ पासून लाच देणंही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवलंत तरच तुम्ही सुटता. तलाठ्याशी झालेलं बोलणं तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवा आणि अर्जाची पोच आजच घ्या.