विंचेस्टर पंप शॉटगनवर ‘मॉडेल १८९७’ कोरलंय, म्हणजे ती १८९७ सालची का?

तुम्ही लिहिलंय की पेनसिल्व्हेनियात घेतलेल्या जुन्या घराच्या तळघरात कापडात गुंडाळलेली पंप शॉटगन सापडली, आधीच्या मालकांच्या मुलाने ‘राहू दे, आता तुमचीच’ म्हणून सांगितलं, पुढच्या लाकडी दांड्याबरोबर सरकणाऱ्या पट्टीवर ‘विंचेस्टर मॉडेल १८९७’ कोरलंय आणि घोडा, म्हणजे चाप दाबल्यावर आपटणारा भाग, बाहेरून दिसतो. ती खरंच सव्वाशे वर्षांची आहे का, आणि उडवता येईल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

१८९७ हे मॉडेलचं नाव आहे, बंदुकीचं जन्मसाल नाही. बंदुकांची रचना करणाऱ्या जॉन ब्राउनिंगने आपल्याच १८९३ च्या रचनेत सुधारणा करून हे मॉडेल काढलं आणि कनेटिकटमधल्या न्यू हेवनच्या कारखान्यात ते १९५७ पर्यंत बनत राहिलं. साठ वर्षांत दहा लाखांवर बंदुका निघाल्या. म्हणजे तुमची बंदूक टिळकांवरच्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्याच्या वर्षीची असू शकते, तशी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या दिवसांतलीही असू शकते.

मी ओहायोत राहतो. गेली बरीच वर्षं जुन्या पंप शॉटगनांचा नाद आहे. आधी सुरक्षिततेचं सांगतो, कारण ९७ (मॉडेल १८९७ ला आम्ही असंच म्हणतो) ही आजच्या बंदुकांसारखी वागत नाही. ती भरलेलीच आहे असं धरून चाला. तिला वेगळं सेफ्टीचं बटण नसतं, फक्त घोडा अर्ध्यावर अडकवता येतो. पुढचा लाकडी दांडा मागे ओढला की बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा दट्ट्या) रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्रणा असलेल्या मधल्या धातूच्या भागाच्या, पाठीतून बाहेर सरकतो, अगदी तुमच्या अंगठ्याच्या वरून. हात वर धरलेला असेल तर कातडी सोलून निघते. आणि चाप दाबून ठेवून दांडा पुढे ढकलला, तर बोल्ट बंद होताक्षणी बार उडतो. म्हणून बोट चापापासून लांब, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला. नळीत आणि खालच्या मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं साठवायच्या, नळीत काडतूस आहे का हे पाहणं जमत नसेल तर सरळ गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, न्या. तळघरात कित्येक वर्षं पडलेल्या बंदुकीत काडतूस निघालेलं मी स्वतः पाहिलंय.

रिकामी झाली की उलटी करा आणि रिसीव्हरच्या खालच्या बाजूला, पुढच्या टोकाशी, टॉर्च आडवा धरून बघा. उजेड समोरून मारला तर झिजलेले आकडे दिसत नाहीत; आडवा मारला की सावलीने उठून दिसतात. तेलाचा बोळा हलकेच फिरवा, घासू नका. तिथे नंबर असेल आणि त्याच्याजवळ ए ते ई यांपैकी एखादं अक्षर असू शकेल. या अक्षराचा सालाशी थेट संबंध नाही. कारखान्याने रचनेत फेरफार केला की अक्षर पुढे सरकत गेलं, आणि बहुतेक बंदुकांवर ई सापडतो. हा ई पाहून ‘पाचव्या वर्षीची’ असा हिशेब करणारे लोक मला भेटलेत.

आता नळी बघा. सुरुवातीच्या ९७ अखंड होत्या. १८९८ पासून दोन भागांत सुटणाऱ्या, म्हणजे टेकडाउन, बंदुकाही मिळू लागल्या. तुमची टेकडाउन असेल तर नळीच्या भागावर, रिसीव्हरला जिथे ती भिडते तिथे, दुसरा नंबर असतो. कारखान्यातून निघताना हे दोन्ही नंबर एकच होते. माझ्या मते साल शोधण्याआधी हीच गोष्ट तपासावी, कारण नंबर जुळत नसतील तर तुमच्या हातात दोन बंदुकांचे अर्धे-अर्धे भाग आहेत आणि दोघांची सालं वेगळी.

हे मी पैसे मोजून शिकलो. एका विक्रेत्याकडून सोळा गेजची (गेज म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) ९७ घेतली होती. रिसीव्हरचा नंबर, नंबरावरून साल सांगणाऱ्या तक्त्यात पाहिला, साल आवडलं, व्यवहार केला. घरी येऊन नळी सोडवली तर तिच्या टोकावर वेगळाच नंबर. जोड जरा सैल होता, म्हणून बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधलं अंतर गनस्मिथने मापकाने मोजलं आणि नकारार्थी मान हलवली. ती बंदूक अजून माझ्याकडे आहे, भिंतीवर. मी तिच्यातून एकही बार काढलेला नाही.

नंबर मिळाला की इंटरनेटवरचा तक्ता उघडालच. उघडा, पण एकाच तक्त्यावर विसंबू नका. दोन तक्ते शेजारी ठेवलेत तर एकाच नंबराला वेगवेगळी सालं दिसतात. १८९३ मॉडेलच्या सुमारे ३४,००० बंदुका निघाल्या होत्या आणि ९७ चे नंबर तिथूनच पुढे चालू झाले, हेही ध्यानात ठेवा. वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयात विंचेस्टरच्या कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत. सुरुवातीच्या नंबरांची नोंद तिथून मागवता येते.

तक्त्याला धातूवरच्या खुणांची जोड द्या. नळीवर आणि रिसीव्हरवर लंबगोलात डब्ल्यू आणि पी ही एकमेकांत गुंफलेली अक्षरं दिसतात का पाहा. ही चाचणीची मोहर विंचेस्टरने १९०५ च्या जुलैपासून मारायला सुरुवात केली. फक्त नळीवर मोहर आणि रिसीव्हर कोरा, असं असेल तर बहुधा नळी नंतर बदललेली आहे. पट्टीवर पेटंटच्या तारखा असतील तर त्यातली सर्वांत अलीकडची तारीख घ्या: बंदूक त्याआधीची नाही, एवढंच ती सांगते.

समजा घोडा बाहेर नसता, तर ती बहुधा विंचेस्टरचीच पुढची पंप शॉटगन, मॉडेल १२, निघाली असती. विंचेस्टरच्या टी. सी. जॉन्सनने १९१२ मध्ये आणलेली ही बंदूक पहिल्या वर्षी फक्त वीस गेजमध्ये होती, आणि १९१९ पर्यंत तिच्यावर ‘मॉडेल १९१२’ असं पूर्ण नाव असे. नळीवर ‘निकेल स्टील’ असेल तर साधारण १९३१ च्या आधीची, ‘प्रूफ स्टील’ असेल तर नंतरची. रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या नळ्यांवर महिन्याचं अक्षर असतं, ते ‘ब्लॅकपावडरएक्स’ या इंग्रजी शब्दाच्या बारा अक्षरांतून: बी जानेवारी, एल फेब्रुवारी, असं एक्स म्हणजे डिसेंबरपर्यंत. नंबरच नसलेली बंदूक दिसली तर ती चोरीची समजू नका. १९६८ च्या कायद्याआधी स्वस्त शॉटगनवर नंबर घालण्याची सक्ती नव्हती. मार्लिनची बाहेर घोडा असलेली जुनी पंप मात्र कधीच उडवू नका; खुद्द कंपनीनेच तसं बजावलंय.

आता तुमचा दुसरा प्रश्न. गनस्मिथने चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, मोजल्याशिवाय एकही काडतूस घालू नका. आपल्याकडे बारा बोअर म्हणतात तेच इथलं बारा गेज: नळीच्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड. बारा गेजच्या ९७ चं चेंबर पावणेतीन इंची असतं, म्हणजे आजचं साधं काडतूस लांबीला बसतं. सोळा गेजच्या जुन्या ९७ चं मात्र दोन पूर्णांक नऊ-सोळांश इंच, जेमतेम ६५ मिलिमीटर. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात सहज जातं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. बार उडाल्यावर ते उलगडायला जागा नसते आणि दाब वाढतो. सहज बसलं म्हणजे ठीक, हा समज इथे घात करतो.

तुम्ही व्हिसाबद्दल काही लिहिलं नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे बंदूक जवळ ठेवायला बंदी आहे. शिकारीचं वैध लायसन्स असे थोडे अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. १८९८ च्या अखेरपर्यंत बनलेली बंदूक संघीय कायद्यात ‘अँटिक’ धरली जाते आणि तिचे नियम वेगळे आहेत, पण रिसीव्हरवर सहा आकडी नंबर असेल तर तो विषयच संपला. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर आजच वकिलाशी बोला, साल नंतर शोधता येईल. आठवण म्हणून ती लायसन्सशिवाय भारतात न्यायचा विचारही करू नका.

कुणी ‘ही पहिल्या महायुद्धातली ट्रेंच गन’ (खंदकातल्या लढाईची बंदूक) म्हणून भाव वाढवून सांगितला तर वीस इंची नळी, वरचं भोकांचं लोखंडी आवरण आणि संगिनीची जोडणी तपासा. आवरणावर भोकांच्या चारच ओळी असतील तर ते १९४२ नंतरचं आहे. जुन्याला सहा असतात. यात नकली माल भरपूर आहे.

आणि कृपा करून तिला चकचकीत करू नका. पॉलिश पेपरने गंज काढताना नंबर आणि मोहरा पुसट होतात. जुना तपकिरी थर तसाच राहू द्या, पातळ तेलाचा हात फिरवा, बस्स.

रिसीव्हरच्या खालची बाजू, नळीचं रिसीव्हरकडचं टोक आणि पट्टी, असे तीन फोटो काढा; नंबराचे शेवटचे तीन आकडे झाका आणि इथेच टाका. नंबराजवळचं अक्षर आणि नळीवरचं गेज सोबत लिहा, म्हणजे पुढचं बोलता येईल.