सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटांच्या एक्सपिडिशन क्रूझवर एवढे पैसे घालावेत का? प्राणी-पक्षी अगदी जवळून दिसतात का?

पैसे असतील तर जरूर जा. पण तुमच्या प्रश्नातलं ते ‘अगदी जवळून’ मला खुपलं. त्याच हट्टापायी मी जहाजावर बोलणी खाल्ली आहेत, म्हणून आधी त्याबद्दल.

मी गोव्यातल्या पेडण्याचा. अशाच एका लहान जहाजावर डेकवर होतो. अल्दाब्रासारख्या ठिकाणी धक्का नसतो. बेटासमोर थांबायचं आणि पाहुण्यांना झोडिएकमधून, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीतून, किनाऱ्याला न्यायचं, ते काम माझं. चढता-उतरताना पंजात पंजा द्यायचा नाही, एकमेकांचं मनगट पकडायचं. ओला हात निसटतो, मनगट निसटत नाही. त्याआधी प्रत्येकाचे बूट घासायचे, खिसे उलटे करायचे, सॅन्डलच्या वेल्क्रोत अडकलेली कुसळं चिमट्याने काढायची. बाहेरचं एक बी तिथे रुजलं तर निस्तरताना वर्षं जातात.

अल्दाब्रा म्हणजे प्रवाळाच्या चार मोठ्या बेटांचं कडं, आत भलंमोठं लगून म्हणजे खाऱ्या पाण्याचं उथळ तळं, आणि पाण्याला ये-जा करायला मोजक्या खिंडी. ओहोटीला लगूनचा बराच भाग उघडा पडतो, खालून झिजलेले खडक अळंब्यांसारखे वर येतात. त्यामुळे आत शिरायचं ते भरतीबरोबर, आणि पाणी उतरायच्या आत बाहेर पडायचं. आतल्या कांदळवनात फ्रिगेट पक्ष्यांची जगातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक आहे. नर गळ्याची लाल पिशवी फुगवून बसलेले, फांद्यांवर पांढऱ्या कापसाळ पिसांची पिल्लं.

तिथे माझ्या झोडिएकमध्ये पुढे बसलेला एक पाहुणा, हाताएवढी लेन्स लावलेला, म्हणाला, अजून पुढे घे. मी इंजिन न्यूट्रलला टाकलं होतं. पुन्हा म्हणाला. मी नाही म्हटलं. फ्रिगेटची मादी एका विणीला एकच अंडं घालते, आणि पिल्लू उडायला लागल्यावरही त्याला कित्येक महिने भरवावं लागतं. आपण घुसलो आणि पक्षी घरट्यावरून उठला, की शेजारचाच फ्रिगेट येऊन काटक्या पळवतो. अंडं गेलं तर त्या जोडीचा सगळा खटाटोप पाण्यात. हे त्याला सांगितलं. त्यावर तो म्हणाला, मी पैसे भरलेत.

संध्याकाळी तक्रार गेली. एका वरिष्ठाने बोलावून माफी मागायला सांगितली. मी मागितली नाही. एक्सपिडिशन लीडर बाई माझ्या बाजूने ठाम उभ्या राहिल्या म्हणून प्रकरण तिथेच मिटलं.

घरी येऊन हे सांगितलं तर माझा मावसभाऊ मलाच हसला. तो सिकेरीच्या बाजूला डॉल्फिन ट्रिपच्या होडीवर तांडेल आहे. ‘गिऱ्हाइकाला दुखवून धंदा होतो काय रे?’ चवथीला एकत्र जमलो की हाच वाद, वर्षानुवर्षं. म्हणून इथे लिहूनच टाकतो. आपले गादे म्हणजे हंपबॅक डॉल्फिन, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहणारे. एक पाठ दिसली की चार दिशांनी होड्या सुटतात, इंजिनं पूर्ण जोरात, आणि मधे पिल्लाला घेतलेली आई. ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत’ अशी पाटी लावली की दुसरं काय होणार? वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे तो. इंजिन बंद करून दूर थांबलं तर कधीकधी ते आपणहून होडीकडे येतात, हे त्याने स्वतः पाहिलंय, तरी थांबायला तयार नाही.

आणि अल्दाब्रा आज शिल्लक आहे ते वेळोवेळी कोणीतरी ‘नाही’ म्हटलं म्हणूनच. हिंदी महासागरातल्या इतर बेटांवरची बहुतेक महाकासवं जहाजवाल्यांनी खाऊन संपवली. अन्नपाण्याशिवाय महिनोन्‌महिने जगतात, म्हणून जिवंतच भरून न्यायचे. १८७४ साली डार्विन आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर अशा मंडळींनी मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहून अल्दाब्राची कासवं वाचवायला सांगितलं. १९६०च्या दशकात ब्रिटिशांना तिथे लष्करी विमानतळ हवा होता. शास्त्रज्ञांनी आवाज उठवला, त्यात ब्रिटनची पैशांची ओढाताण, आणि १९६७ साली बेत बारगळला. १९८२ साली अल्दाब्रा जागतिक वारसा स्थळ झालं. आज तिथे लाखभर महाकासवं आहेत. दुपारी ती झुडपाच्या सावलीत एकमेकांना खेटून पडतात, कारण सावली नाही मिळाली तर उन्हाने मरतात. म्हणून ती सावली त्यांची, आपण उन्हात उभं राहायचं.

आता तुमचं उत्तर. जवळून दिसतं, पण जवळ यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. तिथला न उडणारा रेल नावाचा पक्षी बुटाशी येऊन टोचा मारून बघतो, उतरताना गुडघाभर पाण्यात काळ्या परांच्या मोऱ्या, म्हणजे शार्क, पोटऱ्यांजवळून फिरतात. बुकिंग करताना जहाज जितकं लहान तितकं बरं. गॅलापागोसला तर नियमच आहे, जहाजावर जास्तीत जास्त १०० प्रवासी, १६ जणांमागे एक गाईड आणि प्राण्यापासून दोन मीटर अंतर. तुमच्या कंपनीला विचारा, एका गाईडमागे किती माणसं? सरळ उत्तर आलं नाही तर सोडून द्या.

एक राहिलं. सेशेल्सच्या माहे या मुख्य बेटापासून अल्दाब्रा १,१०० किलोमीटरहून लांब आहे, न थांबता गेलं तरी दोन दिवस भर समुद्रात. मे ते ऑक्टोबर आग्नेयेचा वारा जोरात असतो, तेव्हा टाळा. मार्च-एप्रिल किंवा नोव्हेंबर बघा. तरीही लाट मोठी असली तर उतरता येत नाही, आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत. गुडघे दुखत असतील तर झोडिएकचा विचार आधी करा. केबिन कुठली घ्यावी, जेवण कसं असतं, ते एखाद्या प्रवाशाला विचारा, मी खाली क्रू मेसमध्ये जेवायचो.