ऑस्कर सोहळा टीव्हीवर पहिल्यांदा कधी दाखवला आणि स्टुडिओवाले त्याला तयार कसे झाले?

१९ मार्च १९५३. पंचविसावा सोहळा, एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर थेट, अर्थात कृष्णधवल. रंगीत प्रक्षेपणाला १९६६ उजाडावं लागलं.

तयार कसले, नाइलाज होता. टीव्हीमुळे थिएटरं ओस पडत होती, म्हणून हॉलिवूडचा त्या डब्यावर डूख होताच. पण त्या वर्षी काही स्टुडिओंनी सोहळ्याच्या खर्चातला वाटा द्यायला हात वर केले. एनबीसीने हक्कांसाठी एक लाख डॉलर मोजले आणि ऑस्कर देणाऱ्या अकॅडमी या संस्थेचा प्रश्न सुटला. पैशापुढे वैर किती टिकणार!

सोहळा एकाच वेळी दोन शहरांत झाला: हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात बॉब होप सूत्रसंचालक, तर न्यूयॉर्कला कॉनराड नेगल. कारण व्यावहारिक होतं. बरेच कलाकार तिकडे नाटकांत अडकलेले असत. शर्ली बूथला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस न्यूयॉर्कलाच मिळालं आणि घाईघाईत मंचावर चढताना ती पायरीवर अडखळली. तेही घराघरांत थेट दिसलं.

मला सगळ्यात गंमत वाटते ती अभिनेता जॉन वेनची. 'हाय नून'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेला गॅरी कूपर हजर नव्हता, म्हणून बाहुली घ्यायला वेन गेला. ही भूमिका आपल्याला का मिळाली नाही, असा विनोदही त्याने केला. याच वेनने पुढे त्या चित्रपटाला अमेरिकाविरोधी म्हणून झोडपलं!